कॉफी ग्राइंडर नवा घ्यावा की रिफर्बिश्ड: कोल्हापुरातील खरेदीदारासाठी काही कसोट्या

घरी कॉफी दळण्यासाठी रिफर्बिश्ड ग्राइंडर घेण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र तो निर्णय मिळणाऱ्या सवलतीवरून न घेता, यंत्रातील बर्रची स्थिती आणि त्या बर्रचा नवा जोड मिळण्याची खात्री, या दोन गोष्टींवरून घ्यावा. ज्या दोन दातेरी भागांमध्ये बिया भरडल्या जातात ते बर्र म्हणजे ग्राइंडरचा जीव. जात्याच्या दगडांना टाकी लावून घेता येते, तशी सोय येथे नाही. झिजलेला बर्र बदलावाच लागतो. पात्याचा ग्राइंडर बिया दळत नाही, तोडतो, आणि त्याची पूड असमान पडते, म्हणून तो जुना घेण्यात अर्थ नाही. पुढील सर्व विवेचन बर्रच्या ग्राइंडरविषयी आहे.

‘रिफर्बिश्ड’ या नावाखाली तीन प्रकारचा माल विकला जातो. ग्राहकाने खोका उघडून परत केलेले, जवळजवळ न वापरलेले यंत्र. कंपनीने किंवा तिच्या अधिकृत केंद्राने तपासून, भाग बदलून, वॉरंटीसह पुन्हा विक्रीस काढलेले यंत्र. आणि केवळ पुसून चकचकीत केलेले जुने यंत्र. पहिले दोन प्रकार विचारात घेण्याजोगे आहेत. तिसऱ्याला जुन्या मालाचाच भाव द्यावा. कोणता भाग बदलला, कोणी बदलला आणि वॉरंटी किती महिन्यांची, हे विक्रेत्याकडून लेखी मागितले की आपल्यासमोरचे यंत्र यांपैकी कोणते आहे ते बहुधा लगेच कळते.

यंत्र किती वर्षांचे आहे यापेक्षा ते कोणाकडे होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. घरात दिवसाला दोन वेळा वीस-वीस ग्रॅम कॉफी दळली, तर वर्षाला 14 ते 15 किलो होते. ज्या कॅफेत दिवसाला 3 किलो कॉफी दळली जाते, तेथे एका महिन्यात 90 किलो होते, म्हणजे आपल्या घरची सहा वर्षांची दळणी. चांगल्या पोलादी बर्रचे आयुष्य काही शेकडो किलोंचे असते. त्यामुळे घरात चार वर्षे वापरलेला ग्राइंडर जवळजवळ नव्यासारखा असू शकतो, आणि बंद पडलेल्या कॅफेतून आलेला, बाहेरून भक्कम दिसणारा 64 मिलिमीटर सपाट बर्रचा ग्राइंडर वर्षभरातच बर्र बदलण्याच्या वेळेला आलेला असू शकतो. अशा यंत्राची मोटर आणि सांगाडा सहसा उत्तम असतात, म्हणून तो टाळावा असे मी म्हणणार नाही; फक्त बर्रच्या नव्या जोडाची किंमत आधीच हिशेबात धरावी.

तपासणी शक्य तो समोर बसून, दिवसाच्या उजेडात करावी. प्लग काढून वरचा बर्र बाहेर घ्यावा, कोरड्या ब्रशने झाडावा आणि दात्यांच्या कडा पाहाव्यात. धारदार कड नखाला अडते. झिजलेली कड गोलसर दिसते आणि नख तिच्यावरून घसरते. बियांबरोबर कधी खडा आत गेला असेल, तर एखाद्या दात्याला खोक पडलेली दिसते. नंतर खालचा बर्र धरून हलकेच आजूबाजूला हलवावा. तो डुगडुगत असेल, तर बेअरिंग किंवा शाफ्ट सैल झाला आहे. बर्र परत बसवून यंत्र रिकामे चालवावे. एकसारखी घरघर असावी; खरखर, ठोके किंवा जळका वास नसावा. शेवटी आपल्यासोबत नेलेल्या बिया एकदा जाडसर आणि एकदा बारीक दळून, पूड पांढऱ्या कागदावर पसरावी. जाडसर दळणातही पिठासारखी धूळ बरीच दिसली, किंवा बारीक सेटिंगवर दळताना फार वेळ लागून पूड गरम झाली, तर बर्र झिजलेले आहेत किंवा सरळ बसलेले नाहीत.

परदेशातून आणलेल्या यंत्राच्या तळाची, व्होल्टेज आणि हर्ट्झ लिहिलेली पट्टी वाचल्याशिवाय ते प्लगला लावू नये. आपल्याकडे वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची आहे. अमेरिकेत ती 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरते, परंतु हर्ट्झ बदलत नाहीत; त्यामुळे इंडक्शन मोटर सुमारे एक षष्ठांशाने हळू फिरते आणि अधिक तापण्याचा धोका राहतो. अशा यंत्राचा मोह टाळलेला बरा.

कोल्हापूरकरांना एक मोठा लाभ आहे, तो म्हणजे शिवाजी उद्यमनगर ही शहरातली औद्योगिक वसाहत. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो आणि त्या मापाचे नवे बेअरिंग सहज मिळते. मोटरचे रिवाइंडिंग, कार्बन ब्रश, कपॅसिटर, स्विच, वायर आणि लेथवर करून घेण्याजोगा बुश, ही सर्व कामे करणारे कुशल कारागीर आपल्या शहरात आहेत. बर्र मात्र येथे करून घेण्याच्या फंदात पडू नये. त्याच्या दात्यांचा कोन, पोलादाचा कडकपणा आणि दोन्ही भागांची जुळणी कारखान्यातच साधते. इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि प्लास्टिकचे गिअर यांचेही तसेच. म्हणून ज्या कंपनीचे बर्र आणि सुटे भाग स्वतंत्रपणे विकत मिळतात, तिचेच जुने यंत्र घ्यावे. बराट्झा कंपनीच्या 40 मिलिमीटर शंकूच्या आकाराच्या बर्रच्या एन्कोर या ग्राइंडरला जुन्या बाजारातही मान आहे, तो बराचसा याच कारणाने.

किमतीचा हिशेब मी असा करतो: रिफर्बिश्ड यंत्राची किंमत, बर्रचा जोड आणि बेअरिंग बदलण्याची मजुरी यांची बेरीज नव्याच्या किमतीच्या तीन चतुर्थांशाहून अधिक होत असेल, तर नवे घ्यावे. हाताने फिरवायचा ग्राइंडर तर नवाच घ्यावा असे माझे मत आहे, कारण त्यात वाचणारी रक्कम लहान असते आणि तो पाण्याने धुतलेला असण्याची शक्यता मोठी असते. गंजाचे तपकिरी ठिपके दिसले, की व्यवहार तेथेच थांबवावा.

पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूहून कुरिअरने मागवताना यंत्र चालू असल्याचा आणि बर्र जवळून दिसतील असा व्हिडिओ मागावा. बिलावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, आणि वॉरंटीत दुरुस्तीसाठी यंत्र पाठवावे लागल्यास जाण्या-येण्याचे भाडे कोण देणार, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. सर्व्हिस सेंटर दुसऱ्या शहरात असेल, तर हा खर्च बारीकसारीक नसतो. खोका उघडतानाचे चित्रीकरण अवश्य करावे.

घरी आणल्यावर प्लग काढलेला असतानाच बर्र ब्रशने आणि कोरड्या फडक्याने पुसावेत, पाणी अजिबात लावू नये. जुन्या तेलाचा खवट वास गेला नाही, तर स्वस्तातील मूठभर बिया दळून ती पूड टाकून द्यावी. पावसाळ्यात, कोल्हापूरच्या दमट हवेत, बिया ग्राइंडरच्या भांड्यात भरून ठेवू नयेत. त्या दळण्यापुरत्याच घालाव्यात आणि आठवड्यातून एकदा बर्र उघडून आतली पूड झाडावी.