गिऱ्हाईक काय म्हणते आणि काय घेते : छोट्या दुकानदाराने ग्राहकांचा अभ्यास कसा करावा

गोव्यातल्या कोणत्याही बाजारपेठेत चार दुकानदार एकत्र आले की बोलणे लवकरच ‘धंदा पूर्वीसारखा राहिला नाही’ या वाक्यावर येते आणि मग कारणांची यादी सुरू होते : मॉल, मोबाईलवरची खरेदी, काही मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या सेवा, पर्यटकांचा बदललेला हंगाम. यांपैकी प्रत्येक कारण काही अंशी खरे असेल. मात्र तुमच्या स्वतःच्या दुकानात नेमके काय बदलले, असे विचारले तर बहुतेकांकडे आठवण असते, आकडा नसतो. तो आकडा दोन-तीन महिन्यांत, फारसा खर्च न करता कसा मिळवावा, हे या लेखात सांगितले आहे. उदाहरणासाठी फोंड्यातील एक मध्यम आकाराचे किराणा दुकान डोळ्यांपुढे ठेवले आहे. कापड, भांडी किंवा स्टेशनरी विकणाऱ्यालाही हीच रीत थोड्या फरकाने उपयोगी पडेल.

पहिली पायरी : प्रश्न ठरवा

‘विक्री का घटली?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण त्याची उत्तरे फार असतात. त्याऐवजी असा प्रश्न घ्यावा : महिन्याच्या सुरुवातीला यादी देऊन सामान भरणारी घरे गेल्या वर्षापेक्षा किती कमी झाली आणि जी उरली आहेत ती कोणत्या वस्तू आता दुसरीकडून घेतात? या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. एखादे घर दुकान एकदम सोडत नाही, ते वस्तूवस्तूने सोडते. आधी भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून येऊ लागते, मग साबण आणि तेल मोठ्या दुकानातील सवलतीच्या दिवशी भरले जाते, पुढे तांदळाचे पोतेही बागायतदारात, म्हणजे गोवा बागायतदार या सहकारी संस्थेच्या दुकानात, घेतले जाते आणि शेवटी आपल्याकडे दूध, अंडी आणि काडेपेटी एवढेच उरते. काउंटरवरची गर्दी तेवढीच दिसत असल्यामुळे ही गळती मालकाच्या लक्षात येत नाही.

दुसरी पायरी : घरातल्याच नोंदी उघडा

बाहेर कोणाला काही विचारण्याआधी आपल्या कपाटात आणि मोबाईलमध्ये काय आहे ते पाहावे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून अनेक दुकानांत बिलांची नोंद बऱ्यापैकी नीट राहते. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे प्रत्येक व्यवहाराची रक्कम आणि वेळ आपोआप नोंदली जाते. शिवाय घाऊक व्यापाऱ्याची बिले आणि उधारीची वही आहेच. एका महिन्याची सगळी बिले घेऊन त्यांचे चार गट पाडावेत : शंभर रुपयांखालील, शंभर ते पाचशेपर्यंतची, पाचशे ते दोन हजारांपर्यंतची आणि त्यावरील. मग गेल्या वर्षीच्या तशाच काळातील बिलांशी ताडून पाहावे. बिलांची संख्या कायम राहून वरचे दोन गट आटले असतील, तर पहिल्या पायरीवर सांगितलेली गळती सुरू झाली आहे असे धरायला हरकत नाही.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. एकाच घरातील तीन माणसे तीन मोबाईलवरून पैसे देतात, म्हणून यूपीआयवरील नावे म्हणजे घरे नव्हेत. दुसरे असे की केवळ रुपये मोजू नयेत, नगही मोजावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शांपू, टूथपेस्ट आणि केसांचे तेल यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला; त्यानंतर साबणाच्या विक्रीची रक्कम थोडी घटली म्हणजे गिऱ्हाईक घटले असे होत नाही.

ताडून पाहण्याबाबत थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे बहुतेक हिशेब येथेच चुकतात. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. गोव्यातील हिंदू घरांची वर्षातली मोठी खरेदी चतुर्थीच्या आधी होते. अशा वेळी ऑगस्ट २०२५ ची तुलना ऑगस्ट २०२४ शी केली तर धंदा उसळलेला दिसेल, सप्टेंबरची सप्टेंबरशी केली तर तो कोसळलेला दिसेल, आणि दोन्ही चित्रे खोटी असतील. म्हणून ‘चतुर्थीपूर्वीचे तीन आठवडे’ असा काळ धरावा. ख्रिस्ती घरांच्या उपवासकाळाचेही असेच आहे : ईस्टर २०२४ मध्ये ३१ मार्चला आला आणि २०२५ मध्ये २० एप्रिलला. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, हेही त्या वर्षीचे अंड्यांचे आकडे वाचताना आठवावे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर असतात. त्या काळात सुकी मासळी, अंडी आणि कडधान्य यांच्या खपाकडे वेगळे पाहावे. त्याआधी मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आपली पुरुमेंताची खरेदी. ती करणारी घरे किती उरली हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल आणि कोणीतरी तो करायलाच हवा, असे मला वाटते. कळंगुट किंवा कोळव्यासारख्या किनारी भागातील दुकानदाराने ऑक्टोबर ते मार्चमधील पर्यटकांची बिले आरंभीच बाजूला काढावीत; फोंड्यात तोच नियम मंगेशी, म्हार्दोळ आणि कवळे येथील देवळांना आलेल्या भाविकांना रविवारी लागू पडतो.

देशपातळीवरील आकड्यांचा उपयोग प्रश्न सुचण्यापुरताच करावा. सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये होता. त्यात अन्नावरील वाटा अनुक्रमे सुमारे ४७ आणि ४० टक्के होता. १९९९-२००० मध्ये हाच वाटा सुमारे ५९ आणि ४८ टक्के होता. उत्पन्न वाढले की अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटते, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिले होते. किराणा दुकानदाराने लक्षात घ्यावे ते एवढेच की अन्नावरील खर्चातही आता पेये, फराळ आणि तयार पदार्थ यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. आपल्या फळ्यांवरची जागा मात्र अजून धान्य-कडधान्याच्या जुन्या हिशेबाने वाटलेली आहे का, हे पाहावे.

तिसरी पायरी : बसून पाहा

एका कामाच्या दिवशी सकाळी, एका दिवशी संध्याकाळी आणि एका रविवारी, असे तीन वेळा एकेक तास दुकानात बसून केवळ खुणा कराव्यात. कोण आले, हातात यादी होती की मोबाईल, आधी कोणत्या फळीकडे नजर गेली, कोण रिकाम्या हाताने परतले. हे काम मालकाने स्वतः करू नये. मालक वही घेऊन बसला की ओळखीचे गिऱ्हाईक उगाच काहीतरी जास्तीचे घेते. याखेरीज गल्ल्यापाशी एक छोटी वही कायमची ठेवावी आणि ‘अमुक आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर द्यावे लागले की ती वस्तू तीत टिपावी. एकाच उपायाला वेळ असेल, तर बाकी सगळे सोडून हीच वही सुरू करावी.

चौथी पायरी : विचारा, पण घडलेले विचारा

छापील प्रश्नावलीवर माझा फारसा भरवसा नाही. ‘कोरगूट तांदूळ (गोव्यातील खाजण शेतीतला पारंपरिक तांदूळ) ठेवला तर घ्याल का?’ असे विचारले तर कोणता गोवेकर नाही म्हणेल? कोरगुटाविषयी सगळ्यांनाच माया आहे. किंमत ऐकल्यावर पिशवीत काय पडते, हा प्रश्न निराळा. माणसाची पसंती त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष निवडीवरून ओळखावी, हा विचार अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ मध्ये मांडला होता. म्हणून ‘घ्याल का’ हा प्रश्नच टाळावा आणि मागच्या खरेदीविषयी विचारावे : ‘फाटले खेपे तेल खंय घेतलें?’ (मागच्या वेळी तेल कुठे घेतले?) त्या दिवशी तिथे कशासाठी गेला होतात, सोबत आणखी काय घेतले, घरी कोणी आणून दिले. हा संवाद कोंकणीतच व्हावा; बाहेरून आलेल्या कुटुंबांशी हिंदीत. लेखी कागद पुढे केला की देवनागरी वाचणारे आणि रोमी (रोमन लिपीतील कोंकणी) किंवा इंग्रजी वाचणारे असे दोन तट पडतात आणि एका तटाची उत्तरे तोकडी येतात.

अशी बारा ते पंधरा संभाषणे पुरेशी होतात. मात्र त्यांतील निदान पाच, आता येईनाशा झालेल्या घरांशी झाली पाहिजेत. जुन्या याद्या आणि उधारीची वही यांत ती नावे सापडतात. या घरी जाणे अवघड वाटते, हे खरे आहे. पण दुकानात येणाऱ्यांनाच विचारत राहिलो, तर न आवडलेल्या गोष्टी कानावर पडणारच नाहीत. जाताना जुन्या उधारीचा विषय काढू नये, एवढे पथ्य पाळावे.

पंधरा माणसांच्या उत्तरांची टक्केवारी काढू नये. ‘साठ टक्के ग्राहक’ म्हणण्याऐवजी ‘पंधरापैकी नऊ जण’ असे लिहावे. सहजगत्या, म्हणजे चिठ्ठ्या काढाव्यात तसे, निवडलेल्या शंभर लोकांच्या पाहणीतही उत्तर सुमारे १० टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकते आणि ती चूक ५ टक्क्यांवर आणायला चारशे लोक लागतात. आपल्या दुकानातली माणसे तर सहजगत्या निवडलेलीही नसतात.

माहिती नोंदवताना मोबाईल क्रमांकाचा आग्रह धरू नये. बिल देण्यासाठी तो सक्तीने मागू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दिली आहे आणि त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. घर ओळखण्यासाठी वाडा (गावातील वस्ती) आणि यादीचा क्रमांक पुरतो.

पाचवी पायरी : एकच बदल, तोही तात्पुरता

आतापर्यंत जे कळले ते अंदाजच आहेत. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुकानात चवीसाठी २४ प्रकारचे जॅम मांडल्यावर ६० टक्के लोक थांबले, पण त्यांतील ३ टक्क्यांनीच जॅम घेतला. ६ प्रकार मांडले तेव्हा ४० टक्के थांबले आणि त्यांतील ३० टक्क्यांनी घेतला. ‘माल कमी ठेवा, खप वाढेल’ असा सल्ला यावरून जगभर दिला गेला. पुढे २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासल्यावर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा परक्या दुकानातला निष्कर्ष उचलून आपल्या फळ्या रिकाम्या करू नयेत. आपल्या दुकानात करून पाहावे.

समजा, सकाळी अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर आलेल्या यादीचे सामान संध्याकाळी घरी पोचवायचे, असा बदल करून पाहायचा आहे. तो एका वाड्यापुरता सुरू करावा आणि तेवढीच घरे असलेला दुसरा वाडा तसाच ठेवावा. पगाराच्या आठवड्याची तुलना पगाराच्याच आठवड्याशी व्हावी, म्हणून प्रयोग निदान दोन महिने चालवावा आणि त्या काळात सवलत, नवी फळी, नवा नोकर असे दुसरे काही सुरू करू नये. पोचवणाऱ्या मुलाचा पगार आणि पेट्रोल वजा जाता वाड्यामागे महिन्याला किती रुपये सुटले तर सेवा चालू ठेवायची आणि किती सुटले तर बंद करायची, ती रक्कम पहिले सामान घरी जाण्यापूर्वी वहीत लिहून तिच्याखाली तारीख आणि तिथी टाकावी.