जर्सी सिटीत जुनं मल्टी-फॅमिली घर घेताय? आधी हे करा

मावसबहीण आणि तिचा नवरा जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअर भागाच्या आसपास जुनं रो हाउस शोधतायत, एका मजल्यावर आपण राहायचं, बाकीचं भाड्याने द्यायचं. परवा फोनवर तिने विचारलं काय काय बघायचं आणि मी तासभर बोलतच राहिले. 2019 मध्ये आम्ही अगदी असंच घर घेतलं आणि एका गोष्टीत सपशेल चुकलो, म्हणून आता लिहूनच काढते, तिच्यासाठी आणि अजून कोणी याच शोधात असेल तर त्यांच्यासाठीही.

प्री-अप्रूव्हल, क्रेडिट स्कोअर वगैरे तुम्हाला माहितीये. एवढंच की स्वतः राहणार असाल तर चार युनिटपर्यंत एफएचए लोन (सरकारी हमी असलेलं गृहकर्ज) 3.5 टक्के डाउन पेमेंटवर मिळतं, पण तीन-चार युनिट असतील तर घराच्या भाड्यात हप्ता बसतो का हेही तपासतात.

आता मुख्य गोष्ट. घर कायद्याने किती फॅमिलीचं आहे ते शहराच्या रेकॉर्डमधून लेखी घ्या. लिस्टिंगवर काय लिहिलंय ते धरायचं नाही, एजंट काय म्हणतो तेही नाही, आणि दारावर बेल किती आहेत ते तर अजिबातच नाही. आमच्या घराला तीन बेल, तीन मेलबॉक्स, तीन किचन, सगळं तीन. रेकॉर्डला मात्र टू-फॅमिली. बेसमेंटमधला फ्लॅट आधीच्या कोणीतरी परमिट न घेता काढलेला. तिथे एक कुटुंब राहायचं, भाडं 1,300 डॉलर, आणि ते आम्ही हप्त्याच्या हिशोबात धरलं होतं. दीड वर्षाने तक्रार झाली, इन्स्पेक्टर आला, फ्लॅट रिकामा करा म्हणाला. न्यू जर्सीत युनिट बेकायदा निघालं म्हणून भाडेकरूला जावं लागलं तर मालकाने त्याला सहा महिन्यांचं भाडं द्यावं लागतं, म्हणजे 7,800 डॉलर. ते द्यायलाच हवे होते. दोन लहान मुलं घेऊन ती माणसं ऐन थंडीत घर शोधत फिरली, ते मी विसरलेले नाही. फ्लॅट आम्ही काढला नव्हता पण मालक आम्हीच होतो.

आणि हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाचा पाऊस पडला तेव्हा नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात 13 माणसं गेली, त्यातली 11 बेसमेंटच्या घरांत. आमच्या त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये त्या रात्री गुडघाभर पाणी होतं. इथे बऱ्याच भागात पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच पाइपातून जातं, तो भरला की उलटं घरात येतं. पाणी उलटं येऊ न देणारा बॅकवॉटर व्हॉल्व आहे का विचारा.

तर रेकॉर्ड कसं मिळवायचं: सिटी क्लर्ककडे ओप्रा रिक्वेस्ट (न्यू जर्सीच्या सार्वजनिक रेकॉर्ड कायद्याखालचा अर्ज) टाका, त्या पत्त्याचं सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी (घर कसं वापरायची परवानगी आहे त्याचा दाखला), सगळी परमिट्स आणि व्हायोलेशन्स मागा. घर तुमच्या नावावर असायची गरज नाही. पण उत्तर द्यायला त्यांना कामाचे 7 दिवस असतात आणि अटर्नी रिव्ह्यू, म्हणजे सही झाल्यावर वकिलाने करार तपासायची मुदत, कामाच्या 3 दिवसांची, म्हणजे सही झाल्यावर मागितलंत तर उशीर झाला. घर आवडलं त्याच संध्याकाळी टाका, ऑफर त्यानंतर द्या. टॅक्स रेकॉर्डवर काय दिसतं तेवढ्यावर थांबू नका, मी थांबले होते.

इन्स्पेक्शनमध्ये नेहमीच्या माणसाशिवाय दोन गोष्टी वेगळ्या पैसे देऊन करून घ्या. एक, जमिनीखाली जुनी तेलाची टाकी आहे का त्याचा स्कॅन, ती गळत असेल तर माती साफ करायचा खर्च मालकावर येतो आणि तो भयंकर असतो. दोन, सीवर लाइनमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपात, कॅमेरा, कारण घरापासून रस्त्याखालच्या मुख्य लाइनपर्यंतचा पाइप आपला, आणि शंभर वर्षांच्या घरात तो मातीचा, झाडाच्या मुळांनी फुटलेला असू शकतो. छपरावर स्वतः चढा, रो हाउसची छपरं सपाट, भिंत शेजाऱ्याशी सामायिक, त्याच्याकडची गळती आपल्याकडे उतरते. वायरिंग जुन्या पद्धतीचं नॉब अँड ट्यूब (चिनी मातीच्या खुंट्या-नळ्यांवरून नेलेलं) निघालं तर कित्येक कंपन्या इन्शुरन्सच देत नाहीत. मीटर मोजा, गॅस आणि वीज दोन्ही, एकच बॉयलर असेल तर सगळ्यांच्या हीटिंगचं बिल तुम्हीच भरणार. 1978 आधीच्या घरात लेड पेंट, म्हणजे शिसं असलेला रंग, असू शकतो, आणि 2022 पासून अशी घरं भाड्याने देताना त्याची तपासणी लागते.

भाडेकरूंशी स्वतः बोला. आमच्या गल्लीत गुजराती, फिलिपिनो, इजिप्तचे कॉप्टिक, डॉमिनिकन, सगळे, तेव्हा गरज असेल तर त्यांची भाषा येणारं कोणी सोबत न्या. भाडं किती, डिपॉझिट किती, लीज कधीपर्यंत, मालकाने तोंडी काय कबूल केलंय, हे एस्टॉपेल (भाडेकरूने लिहून दिलेली खात्री) म्हणून त्यांच्या सहीने घ्या, पण कशावर सही करतायत ते त्यांना नीट कळू दे. डिपॉझिट क्लोजिंगला, म्हणजे घर तुमच्या नावावर होतं त्या दिवशी, तुमच्याकडे ट्रान्सफर झालंच पाहिजे, विक्रेत्याने दिलं नाही तरी भाडेकरूला परत करायची जबाबदारी तुमची. आणि बोलता बोलता बेसमेंटमध्ये कोण राहतं विचारा. परत तेच सांगतेय, माहितीये.

बाकी टायटल सर्च (मालकी आणि कर्जबोजाची तपासणी), फ्लड झोन हे वकील आणि बँक करून घेतातच, इन्शुरन्सचे दोन-तीन कोट तुम्हीच घ्या. शेवटचा वॉकथ्रू, म्हणजे घर फिरून पाहणं, क्लोजिंगच्या दिवशी सकाळीच. चाव्या सगळ्या, बेसमेंटचीसुद्धा. पाण्याचं बिल थकलेलं नाही ना बघा.

आणि हे मावसबहिणीला आणि तिच्या नवऱ्याला: तुम्ही पाठवलेल्या दोन पत्त्यांपैकी दुसऱ्याच्या फोटोत बेसमेंटमध्ये किचन दिसतंय. त्याची ओप्रा रिक्वेस्ट आजच टाका, उद्या नको.