काळे अक्षर एकाच प्लेटवर हवे

प्रेसला फाइल सोडण्यापूर्वी चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी पानाबाहेर वाढवलेली छपाई) ठेवावे आणि चित्रे छपाईच्या आकारात 300 डीपीआयची (दर इंचाला 300 ठिपके) असावीत, एवढे नवख्यांनाही ठाऊक असते. मी फसले ती काळ्या अक्षरांत.

लोअर परळच्या एका स्टुडिओत लागून मला चारच महिने झाले होते. दिवाळी अंकाचा 16 पानी फर्मा, म्हणजे एका तावावर एकत्र छापायची पाने, मी आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, मांडला आणि शेवटी एका क्लिकवर त्याचे सीएमवायके, म्हणजे छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या चार शायांचे रंग, केले. त्या रूपांतरात निखळ काळ्याचे सायन 75, मॅजेंटा 68, यलो 67 आणि ब्लॅक 90 टक्के झाले, म्हणजे एका अक्षरावर एकूण 300 टक्के शाई. पडद्यावर मात्र अक्षरे काळीभोरच दिसत राहिली. छापलेला ताव भिंगाखाली धरला, तेव्हा शिरोरेषेच्या वर गुलाबी आणि खाली निळसर कड होती आणि 9 पॉइंटाच्या मजकुरातले अनुस्वार बुजले होते. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते; चार प्लेटांपैकी एखादी केसभर सरकली तरी असे होते, त्यामुळे खापर मशीनमनवर फोडण्यात अर्थ नव्हता. फर्मा पुन्हा छापावा लागला. एका क्लिकचे उपाय शिकवणाऱ्या व्हिडिओंवर माझा तेव्हापासून राग आहे.

यावरची तपासणी मला आर्ट डायरेक्टरांनी नव्हे, तर प्लेट काढणाऱ्या काकांनी दाखवली; शिकायचे असेल तर अशाच माणसांजवळ बसावे, असे माझे मत आहे. अॅक्रोबॅट या पीडीएफच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू (प्रत्येक शाई वेगळी दाखवणारी खिडकी) उघडून ब्लॅकसमोरची खूण काढावी. मजकूर पानावरून पूर्ण नाहीसा झाला, तर तो फक्त काळ्या प्लेटवर आहे. मळकट अक्षरे मागे उरली, तर फाइल अजिबात पाठवू नये, मग प्रेसमधून कितीही फोन येवोत. घाबरण्याचे मात्र कारण नाही, कारण अक्षरांना ब्लॅक 100 आणि बाकी तिन्ही शून्य दिले की काम भागते. मोठ्या काळ्या पट्ट्याला नुसता ब्लॅक राखाडी दिसतो, म्हणून तेथे थोडा सायन मिसळतात. किती, ते प्रेसलाच विचारावे.

हीच पाने मोबाइलसाठी हवी असतील, तर छपाईच्या फाइलवरून उलट आरजीबी करू नये, कारण एकदा दबलेले रंग परत उजळत नाहीत. मूळ फाइलवरून एसआरजीबीत, म्हणजे पडद्यांसाठीच्या प्रमाणित आरजीबीत, वेगळी पीडीएफ काढावी.