कापडाची चित्रं बालपुस्तकात छापताना या चुका टाळा

तान्हा पोळा म्हणजे लेकरांनी लाकडी बैल मिरवायचा सण. त्याच्या गोष्टीसाठी मी तो लाकडी बैल कापडात केला होता. आत कापूस भरून फुगवलेलं अंग आणि पाठीवर कोशाच्या (कोसा रेशमाच्या) तुकड्याची झूल, करवती किनारीचे दाते नीट दिसतील अशी शिवलेली. घरी येणारी लेकरं आधी त्याच्या पाठीवरून बोट फिरवायची. छापून आलं तेव्हा बैलाचं अंग फुगीर नव्हतं, खड्ड्यासारखं आत गेलेलं होतं. शिवण तीच, कापूस तोच. चूक उजेडाची होती.

आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय आहे. वरची कड उजळ आणि खालची सावलीत असली की वस्तू उठावदार वाटते. उलट झालं की तीच वस्तू खोलगट दिसते. फोटो काढताना सोयीसाठी चित्र टेबलावर उलटं ठेवलं गेलं, मग संगणकावर सरळ फिरवलं, आणि त्याबरोबर सावल्याही फिरल्या. आता मी प्रत्येक चित्राच्या पाठीमागे वरच्या दिशेचा बाण काढून ठेवते. दिवा वरच्या डाव्या बाजूने, तिरपा, आणि सगळ्या पानांना तिथूनच. दिव्याच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली मऊ होते. दोन्हीकडून सारखे दिवे मात्र लावू नका. सावली गेली की टाका सपाट होतो आणि तासन् तास केलेलं भरतकाम छापील कापडासारखं दिसतं. पानावर लेकराला स्पर्श मिळत नाही, त्याला फक्त ही बारीकशी सावली मिळते. म्हणून मी या एका गोष्टीवर एवढी अडून बसते.

पैसे वाचवायला चित्र घरच्या स्कॅनरवर ठेवायचा मोह होतो. बऱ्याच स्वस्त, चपट्या स्कॅनरना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं, दोन-चार मिलिमीटर वर असलेलं धूसर होतं. वरून झाकण दाबलं तर गाठी टाकेही चेपतात. कॅमेराच बरा, आणि छापायच्या आकारात ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू, भरेल एवढा मोठा फोटो.

बारीक विणीच्या सुती कापडावर कधी कधी पाण्याच्या लाटांसारख्या रेषा उमटतात. कापडाची वीण ही एक जाळी, कॅमेऱ्याचे बिंदू ही दुसरी. दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की ही नक्षी तयार होते. कॅमेरा थोडा जवळ-लांब करा किंवा किंचित फिरवून पुन्हा फोटो घ्या. फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात बघूनच चित्र गुंडाळा. छपाईचे ठिपके ही तिसरी जाळी असते, त्यामुळे प्रूफमध्येही, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यातही, तीच जागा पुन्हा तपासा.

आकाराची चूक सुरुवातीलाच होते. एक पान मोठं, दुसरं लहान असं केलं आणि छापताना दोन्ही सारखी केली, तर एका पानावर मुलीची वेणी जाड दोरखंडासारखी दिसते आणि दुसऱ्यावर धावदोरा गायब होतो. सगळी पानं एकाच प्रमाणात करा. मी छापायच्या आकाराच्या सव्वापट करते. निम्म्यावर आणायचं असेल तर दोन पदरी टाका पुरत नाही, भरतकामाच्या दोऱ्याच्या सहापैकी चार पदर तरी घ्या.

जोडपानाच्या मधोमध चेहरा नको, पुस्तकाची बांधणी तो गिळते. कडेला छपाईसाठी निदान ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र लागतं. कापड तर दोन-तीन सेंटिमीटर पुढे जाऊ द्या, म्हणजे विरलेली कड पानात येत नाही.

आणि संत्री! नागपूरची गोष्ट म्हटली की संत्री येणारच. पण तो झगझगीत नारिंगी रंग छपाईच्या नेहमीच्या चार शाईंत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) उतरत नाही, मळकट होतो. कापड निवडतानाच छापील शेडकार्ड शेजारी धरा. नारिंगीच्या बाजूला गडद हिरवं किंवा निळं लावलं की तोच नारिंगी उजळ वाटतो.

उन्हाळ्यात कूलरसमोर काम ठेवू नका. ओलसर हवेने पाठचा पुठ्ठा वाकतो, ताणलेलं कापड सैल पडतं आणि फोटोत सुरकुत्या येतात. नवं कापड आधी धुऊन खळ काढा, नाहीतर इस्त्रीची वाफ लागताच ते आटतं आणि भोवतीचं शिवण ओढलं जातं.

गोष्टीची अक्षरं भरतकामात करू नका. मजकूर वेगळ्या काळ्या शाईत राहिला तर उद्या हिंदी किंवा गोंडी आवृत्तीत तेवढाच बदलता येतो. मजकुराची जागा साध्या कापडाची ठेवा. फुलाफुलांच्या चिटावर काना-मात्रा हरवतात, आणि नुकतं वाचायला लागलेलं पोर तिथेच अडतं.

नायिकेच्या फ्रॉकचं कापड सगळ्या पानांना पुरेल एवढं एकदमच घ्या. पुस्तक छापून हातात येईपर्यंत वीतभर तुकडा बाजूला ठेवा. संपादक शेवटच्या क्षणी एखादं पान बदलायला सांगतात, आणि गांधीबागेच्या कापडबाजारात त्याच छपाईचं कापड पुढच्या महिन्यात मिळेलच असं नाही.