समोरच्याला 31 फ्री थ्रो मिळाले म्हणून गेमला शिव्या देऊ नका

"मामा, हा गेमच चीटिंग करून राहिला!"

मे महिना, दुपारचे दोन. नागपूरच्या बर्डीवर अशा वेळी चिटपाखरू नसतं, त्यामुळे माझ्या स्टेशनरीच्या दुकानातही कूलरच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. भाच्याने लॅपटॉप काउंटरवर आपटला. बास्केटबॉल मॅनेजरचा ऑनलाइन गेम. टीम आपण बांधायची, डावपेच आधी भरून ठेवायचे, मॅच कॉम्प्युटर खेळवणार. पठ्ठ्या सात गुणांनी हरला होता. समोरच्याला 31 फ्री थ्रो (फाउल झाल्यावर कोणी न अडवता मारायला मिळणारा एका गुणाचा शॉट), याला 9.

"तू काय लावलं होतंस बे?"

"फुल कोर्ट प्रेस. पूर्ण मॅच."

म्हणजे समोरच्याला पूर्ण मैदानभर अंगावर जाऊन अडवायचं. मग बरोबर आहे की.

कॉलेज सुटल्यावर बारा-तेरा वर्षं मी शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत स्कोअर टेबलवर बसलो. स्कोअरशीटवर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे फाउलचे, म्हणजे नियमाबाहेरच्या धक्क्यांचे, पाच चौकोन असतात. साधा फाउल म्हणजे पी, दोन फ्री थ्रो द्यावे लागले तर पी-2. वरच्या बाजूला टीमच्या फाउलसाठी दर क्वार्टरला 1 ते 4 आकडे, ते एकेक करून खोडायचे. चौथा खोडला की टेबलावर लाल निशाणी चढते आणि समोरचा कोच ओरडायला लागतो, "आता आत घुसा रे!" डावपेच आणि फ्री थ्रो यांचं नातं मला तिथेच कळलं. गेम बनवणारेही शेवटी हेच नियम आकड्यांत बसवतात.

म्हणून पहिलं काम, आपल्या गेमचे नियम वाचा. फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत 10 मिनिटांचे चार क्वार्टर आणि पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये 12 मिनिटांचे क्वार्टर आणि सहाव्याला बाहेर. भागाकार करा: दोन्हीकडे दर फाउलमागे आठच मिनिटं येतात. पण काही गेममध्ये हे सेटिंग बदलता येतं. 12 मिनिटांचे क्वार्टर ठेवून मर्यादा पाचच राहिली असेल, तर तुमचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, चौथ्या क्वार्टरला बेंचवर टॉवेल घेऊन बसलेला दिसेल.

आता प्रेस. टीमचे चार फाउल झाले की त्या क्वार्टरमध्ये पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलला दोन फ्री थ्रो, मग समोरचा शॉट मारत असो की नुसता ड्रिबल करत असो. प्रेसमध्ये फाउल होतात ते मैदानाच्या मधोमध, चेंडू हिसकावताना, हाताला हात लागून. पहिले चार स्वस्त असतात. पाचव्यापासून प्रत्येक धक्का दोन फ्री थ्रोला पडतो. पहिल्या मिनिटापासून प्रेस लावला तर चार फाउल अर्ध्या क्वार्टरच्या आतच संपू शकतात, आणि उरलेला वेळ समोरचा रेषेवर उभा राहून गुण गोळा करतो. मॅच चालू असताना डावपेच बदलता येत असतील तर क्वार्टरच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, टीमचे फाउल शिल्लक असतील तरच प्रेस लावा. आधीच सगळं भरून ठेवायचं असेल तर प्रेस फक्त अशा टीमविरुद्ध, जिच्या चेंडू पुढे नेणाऱ्या गार्डांचं ड्रिबलिंग आणि पासिंग कच्चं आहे, आणि तेही तुमच्याकडे नऊ धडधाकट खेळाडू असतील तर. दमलेला खेळाडू पायाने बचाव करत नाही, हाताने करतो. हे मैदानावर खरं आहे आणि स्टॅमिना मोजणाऱ्या गेममध्येही.

भाच्याचं दुसरं दुखणं सेंटरचं. समोरच्याने लो पोस्ट लावलं होतं, म्हणजे चेंडू सारखा बास्केटजवळच्या उंच खेळाडूकडे. फाउल तिथेच पिकतात. बाहेरून तीन गुणांचा शॉट मारणाऱ्याला क्वचितच कोणी धडकतं. आत घुसणाऱ्याला अडवायला दोघं अंगावर येतात, आणि बास्केट होऊन वर एक फ्री थ्रोही मिळतो. बझरबीटरसारख्या गेममध्ये लो पोस्ट, लुक इनसाइड, मोशन, रन अँड गन अशी नावं दिसतात. नावांना भुलू नका. शॉट कुठून येणार एवढंच विचारा.

पण आत खेळवायचं तर आतल्याला फ्री थ्रो जमला पाहिजे. एनबीएतला धिप्पाड सेंटर शकील ओनील, त्याची फ्री थ्रोची कारकिर्दीतली टक्केवारी 52.7. म्हणजे दोन फ्री थ्रोला सरासरी 1.05 गुण. साधारण बरी टीम एका चढाईत तेवढेच काढते, म्हणून तर त्याला मुद्दाम फाउल करायचे. तुमचा सेंटर पन्नास टक्केवाला असेल तर त्याने कमावलेल्या फाउलचा फायदा गुणांत कमी, समोरचा खेळाडू बाहेर जाण्यात जास्त. ऐंशी टक्केवाला असेल तर 1.6 गुण. मग डोळे मिटून चेंडू त्याच्याकडेच द्या.

बचावात झोन लावला की फाउल सहसा कमी होतात, कारण प्रत्येकाने आपली जागा राखायची असते, माणसामागे पळायचं नसतं. मॅन टू मॅनमध्ये तुमचा मंद फॉरवर्ड त्यांच्या चपळ फॉरवर्डसमोर अडकला की तो फाउल करणारच. 2-3 झोन, म्हणजे पुढे दोघं आणि बास्केटजवळ तिघं, आतली गर्दी वाढवतो. त्याची किंमत अशी की कोपऱ्यातून तीन गुणांचे शॉट मोकळे मिळतात आणि रीबाउंडला, म्हणजे हुकलेला शॉट पकडताना, कोणी कोणाला अडवायचं याचा गोंधळ होतो. शिवाजीनगरच्या ग्राउंडवर एका टीमने लागोपाठ चार रीबाउंड सोडलेले मी पाहिलेत, कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा घेईल.

बदली खेळाडूंची यादी भरताना सेंटरचा बदली खेळाडू सर्वांत आधी ठरवा. भाच्याने तिथे स्वस्तात मिळालेलं पोरगं ठेवलं होतं. मुख्य सेंटर तिसऱ्या क्वार्टरला सहा फाउल करून गेला आणि मॅच तिथेच फिरली.

एका मॅचवरून मात्र काही ठरवू नका. प्रत्येक मॅचनंतर फ्री थ्रोच्या प्रयत्नांना शॉटच्या प्रयत्नांनी भागा. भाच्याचं 84 शॉटला 9, म्हणजे 0.11. समोरच्याचं 75 ला 31, म्हणजे 0.41. सरावाच्या चार-पाच मॅचमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदला आणि हा आकडा वहीत लिहा. पोरं तीन गोष्टी एकदम बदलतात आणि मग कशाने फरक पडला ते देवालाच ठाऊक.

मी त्याला काउंटरवरची एक शंभर पानी वही दिली, पैसे लावले नाहीत. परतीच्या मॅचला त्याने 2-3 झोन लावला, बाकी काही हलवलं नाही. समोरच्याचे फ्री थ्रो 31 वरून 17 वर आले. सेंटर शेवटपर्यंत मैदानावर होता. दोन गुणांनी हरला, रीबाउंडवर.

"मामा, आता काय करू?"

"रीबाउंडचं पान वेगळं काढ."

तोवर कूलरमधलं पाणी संपलं होतं. बादली त्यालाच आणायला लावली.