ऑपरेशन झालेलं मूल घरी आणल्यावर डॉक्टरांना काय सांगावं, काय विचारावं

डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की घरी निघायची घाई होते, आणि ते साहजिक आहे. तरी थोडं थांबा. घरी गेल्यावर जो सल्ला मिळणार, त्याची निम्मी तयारी इथेच होते. मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात नर्स आहे. रात्री-अपरात्री घरून येणारे फोन बहुतेक वेळा आम्हीच उचलतो. निघण्याआधी ज्या आईवडिलांनी नीट विचारून घेतलेलं असतं, त्यांना फोनवर लवकर आणि नेमकं सांगता येतं, हे मी सतत पाहते.

विचारायचं ते असं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि तो कोण उचलतं? ताप किती चढला की कळवायचं? वॉर्डात शेवटचा डोस किती वाजता दिला? (हे कार्डावरच लिहून घ्या, कारण घरी पोचल्यावर पहिला गोंधळ यावरूनच होतो.) आणि एक प्रश्न, जो फार थोडे लोक विचारतात: "या ऑपरेशननंतर काय काय झालं तरी घाबरायचं नाही?"

या प्रश्नाने किती रात्री सोप्या होतात, ते टॉन्सिलच्या उदाहरणावरून सांगते. ऑपरेशननंतर घशात पांढरट-पिवळट थर दिसतो, तोंडाला वास येतो, कान दुखतात. घसा आणि कान यांच्या संवेदना काही समान नसांमधून जातात, म्हणून कान दुखतो, तिथे काही बिघडलेलं नसतं. पहिले दोन-तीन दिवस बरे गेल्यावर दुखणं पुन्हा वाढू शकतं. हे सगळं अपेक्षित आहे. पण साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास तो थर सुटतो आणि तेव्हा रक्त येण्याचा धोका असतो. झोपेत मूल सारखं सारखं गिळताना दिसलं, तर घशात रक्त उतरत असू शकतं. लाइट लावा, तोंडात बघा. ताजं रक्त दिसलं तर फोनवर वेळ न घालवता निघा.

आता फोन लावण्याआधीची पाच मिनिटं. "तो खूप रडतोय" एवढ्यावर आम्हाला फारसं काही ठरवता येत नाही. मुलाकडे बघा आणि जे दिसतं ते कागदावर उतरवा. ताप हात लावून सांगू नका, थर्मामीटरने मोजा. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी कणकण येऊ शकते. उतरलेला ताप चार-पाच दिवसांनी पुन्हा चढला तर ते वेगळं. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर ३८ ला लगेच कळवायचं, वाट बघायची नाही.

श्वास मोजताना सदरा वर करा आणि मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की लहान मुलांत आकडा चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे दोन महिन्यांपर्यंत ६०, एक वर्षापर्यंत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे. छातीच्या फासळ्यांखालचा भाग आत ओढला जातोय का, तेही बघा.

शेवटची लघवी कधी झाली हे आम्ही हमखास विचारतो आणि ते हमखास आठवत नाही. तान्ह्या बाळाला सहा ते आठ तास, मोठ्या मुलाला आठ ते बारा तास लघवी झाली नसेल तर कळवा. उलटी झाली असेल तर किती वेळा, आणि विशेष करून रंग कोणता.

दुखणं सांगणं सगळ्यांत अवघड. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी आम्ही 'फ्लॅक' नावाची पद्धत वापरतो. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होणं, या पाच गोष्टी बघून प्रत्येकीला शून्य ते दोन गुण देतो. तुम्ही गुण मांडू नका, पण याच पाच गोष्टी बघा. "पाय पोटाशी घेतो, कडेवर घेतलं तरी थांबत नाही, खेळणं दिलं तर ढकलतो" असं कुणी सांगितलं की मूल माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं.

जखमेचा फोटो मागितला तर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. एक जवळून, एक लांबून, आणि जखमेशेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून. लाली दिसत असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि वेळ लिहा. दोन तासांनी लाली रेघेबाहेर गेली की नाही ते कुणालाही सांगता येतं. फोटो फक्त डॉक्टरांना पाठवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर नको. ते मुलाचं शरीर आहे.

बोलताना क्रम ठेवा. ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकींना पेशंटची ओव्हर, म्हणजे सगळी माहिती, देतो, त्यातही ओळख, ऑपरेशन, आत्ताची तक्रार, दिलेली औषधं असाच क्रम असतो. उदाहरणार्थ: "चार वर्षांच्या मुलाची आई बोलतेय. वजन १५ किलो. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, दुर्बिणीतून, आज सहावा दिवस. कालपासून पुन्हा ताप आहे, आत्ता ३८.८. पोट दुखतंय म्हणतो, सकाळपासून तीनदा पातळ शी झाली. दोन वाजता पॅरासिटामॉल दिलंय. आत्ता घेऊन येऊ का?" अर्ध्या मिनिटाचं बोलणं, पण ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हे साधं पोट बिघडणं नसून ओटीपोटात पू साठलेला असू शकतो. 'सहावा दिवस' आणि 'पुन्हा' हे शब्द गळाले असते तर कदाचित नुसतं जुलाबाचं औषध सांगितलं गेलं असतं.

औषधाची बाटली हातात घेऊनच फोन करा. नुसतं "पाच एमएल दिलं" म्हणून भागत नाही. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं असतं तसं २५० चंही असतं, आणि थेंबांचं औषध त्याहून कितीतरी तीव्र असतं. मुलाच्या दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, असा एका वेळचा हिशोब. म्हणजे १२ किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून ५ मिलिलिटर बरोबर, दुसरीतून तेवढंच दिलं तर जास्त होतं. दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर हवं. घरातला चमचा वापरू नका, सिरिंजने मोजा. सर्दी-तापाच्या तयार औषधांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दुसरं काही चालू असेल तर तेही वाचून दाखवा. आयबुप्रोफेन सर्जनना विचारूनच. ॲस्पिरिन मुलांना स्वतःहून कधीच द्यायचं नाही. घरात कोडीन (दुखण्यावरचं आणि खोकल्यावरचं एक तीव्र औषध) असलेली जुनी बाटली असेल तर तिला हात लावू नका: काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) टॉन्सिल-ॲडेनॉइडच्या ऑपरेशननंतर ते मुलांना देण्याविरुद्ध २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये असं सांगितलं.

सल्ला मिळाला की लगेच फोन ठेवू नका. ऐकलेलं परत बोलून दाखवा: "म्हणजे आत्ता साडेसात मिलिलिटर, आणि पुढचा डोस दहाच्या आधी नाही, बरोबर?" मग विचारा, "किती वाजेपर्यंत वाट बघू, आणि तोवर काय झालं तर परत फोन करू?" 'बघा आणि कळवा' या सल्ल्याला वेळ जोडलेली नसेल तर तो अर्धवट आहे, ती वेळ मागून घ्या. आणि "घेऊन या" असं सांगितलं तर "येईपर्यंत खायला-प्यायला देऊ का?" हे आवर्जून विचारा. पुन्हा भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असावं लागतं. खाऊ घालून आणलं तर कित्येक तास थांबावं लागू शकतं.

काही वेळा मात्र फोनवर विचारत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं. श्वासाला धाप लागलीय किंवा ओठ निळसर झालेत. मूल हलवूनही नीट जागं होत नाही. रक्त दाबूनही थांबत नाही. उलटी हिरवी झाली. पोट फुगून कडक झालंय. टाके उसवून जखम उघडली. प्लास्टर घातलेल्या हातापायाची बोटं निळी, थंड किंवा बधिर पडली, किंवा औषध देऊनही दुखणं वाढतंय आणि बोटं सरळ करायला गेलं की मूल किंचाळतं. या शेवटच्या प्रकारात आत दाब वाढलेला असू शकतो आणि काही तासांतच स्नायूंना कायमची इजा होते, म्हणून "सकाळी बघू" अजिबात नको.

आणि समाधान झालं नाही तर तसं बोला. "ताप नाही, जखम चांगली आहे, पण हा आमचा नेहमीचा मुलगा नाही" हे वाक्य मी फार गांभीर्याने घेते, कारण त्याला रोज तुम्हीच बघता. फोनवरच्या व्यक्तीने उडवून लावलं तर ड्यूटीवरच्या सीनियर डॉक्टरांशी बोलायला मागा. रात्री दुसऱ्यांदा फोन केल्याबद्दल माफी मागायची काही गरज नाही.

मूल बोलण्याइतकं मोठं असेल तर फोन स्पीकरवर ठेवून त्यालाही बोलू द्या. "दुखतंय ना?" असं विचारलं की मुलं हो म्हणतात किंवा सुईच्या भीतीने नाही म्हणतात. "कुठे दुखतंय, एका बोटाने दाखव" म्हणा, आणि ते बोट कुठे गेलं ते आम्हाला सांगा.