बेंजो पार्टीला फंक बसवताना

सांगली-मिरजेकडच्या बेंजो पार्टीत फंकला (ठेक्यावर चालणारं अमेरिकन नाचाचं संगीत) लागणारं बहुतेक सामान आधीच असतं: ड्रम, पॅड, कॅसिओ, बेंजो, खुळखुळा, जमलंच तर एखादा ट्रंपेट. अडतं ते सवयीत. मिरवणुकीत प्रत्येकजण सतत वाजवतो, आणि फंकमध्ये अर्धं वाजवणं म्हणजे गप्प राहणं.

हे ज्यांच्याकडून शिकायचं ते पार्लमेंट-फंकाडेलिक, अमेरिकेतली फंकवाली मंडळी. जॉर्ज क्लिंटनने 1950च्या दशकात न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डमध्ये, न्हाव्याच्या दुकानात जमणाऱ्या पोरांना घेऊन गाणारा गट काढला. पुढे त्याच गोतावळ्याने दोन नावांनी रेकॉर्ड काढल्या: पार्लमेंटमध्ये ब्रास आणि कीबोर्ड पुढे, फंकाडेलिकमध्ये गिटार. 1972मध्ये बासवाला बूट्सी कॉलिन्स आला. तो आधी फंकचा गायक जेम्स ब्राउनकडे होता आणि ‘वन’चा नियम तिथूनच घेऊन आला.

वन म्हणजे आपली समच, पण वागणूक उलटी. आपल्याकडे तुकडा समेवर येऊन मिटतो. इथे पहिल्या मात्रेला सगळे एकदम पडतात आणि लगेच पांगतात.

बसवायला 4 मात्रा घ्या, प्रत्येकीचे 4 तुकडे करा, म्हणजे 16 घरं. ड्रमचा किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) 1, 4 आणि 11वर. स्नेअर (काडीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) 5 आणि 13वर. खुळखुळा सोळाही घरांवर, पण हलका. पॅडवाल्याला पहिले दोन दिवस बसवूनच ठेवा. आधी सोडला तर तो रिकामी घरं भरून टाकतो. लय मिनिटाला 96 ठोक्यांपासून सुरू करून 104पर्यंत न्या. आपल्या ड्रमवाल्याचा हात दर मिनिटाला पुढे पळतो, म्हणून त्याच्या एका कानात मेट्रोनोम द्या.

बास कॅसिओच्या डाव्या हाताला. याच मंडळींतल्या कीबोर्डवाल्या बर्नी वॉरेलने पार्लमेंटच्या ‘फ्लॅश लाइट’ गाण्याचा बास मिनीमूग या सिंथवर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) वाजवला होता, तेव्हा कमीपणा मानायचं कारण नाही. सिंथ बासचा आवाज निवडा, एका वेळी एकच सूर वाजेल असं सेटिंग करा, सूर घसरवायची सोय असेल तर थोडीशी चालू ठेवा. 1वर खालचा सा ठाम, 2 ते 7 गप्प, 8वर कोमल नी, 11वर वरचा सा, 15-16वर परत खाली यायची तयारी. उजव्या हाताला सा, ग, प, कोमल नी आणि वरचा रे. हा एकच कॉर्ड पूर्ण गाण्यात पुरतो. दुसरा घालायचा मोह आवरा.

बेंजोवाल्याकडून चाल वाजवायचं काम काढून घ्या. साथीच्या घुमणाऱ्या तारांखाली सुती फडक्याची घडी सरकवा, चालीच्या तारांवर डावा तळवा अलगद टेकवा आणि 3, 7, 10वर नखीने नुसतं खरवडा. ‘चिक’ असा कोरडा आवाज आला पाहिजे. ‘टंग’ वाजलं तर तळवा सैल आहे. एको आणि रिव्हर्ब पूर्ण बंद, नाहीतर रिकामी घरं घुमून भरतात.

भोंग्यावर ऐकून निकाल देऊ नका. भोंग्यातून खालचा बास येतच नाही, मग कॅसिओवाला जोर लावतो आणि बाकीचेही ओरडतात. 15 किंवा 18 इंची बेसचा स्पीकर हवाच.

बसलं की नाही ते मोबाईलवर तपासा. एकच आवर्तन रेकॉर्ड करून वीस वेळा फिरवा. 1989मध्ये डी ला सोल या रॅप गटाने फंकाडेलिकच्या ‘नी डीप’ गाण्याचा तुकडा घेऊन ‘मी मायसेल्फ अँड आय’ केलं, 1992मध्ये रॅपवाल्या डॉ. ड्रेने ‘द क्रॉनिक’ या अल्बममध्ये पार्लमेंट-फंकाडेलिकचाच माल वापरला, कापलेला तुकडा फिरत राहिला तरी कंटाळा येत नव्हता म्हणूनच. तुमचा सहाव्या फेरीला टोचायला लागला तर कोणीतरी आपल्याला न दिलेल्या घरात घुसलंय. बहुतेक पॅडवालाच असतो.